मत नगरसेवकाला, कारभार आयुक्तांकडे: मुंबई महापालिका नेमकी चालते कशी?

१५ जानेवारी २०२६, गुरुवार. आदल्या दिवशीच संक्रांत झाली होती, त्यामुळे येणारा-जाणारा हातावर तिळगूळ ठेवत होता. शाळेतल्या मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या रेषेबाहेर आमच्या सोसायट्यांनी मिळून एक टेबल लावलं होतं. पक्षाचा झेंडा नाही, फक्त यादीत नाव शोधून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. सकाळी सातपासून मी तिथे बसले होते.

साडेअकराच्या सुमारास मागच्या चाळीतल्या काकू आल्या. त्यांची ती तिसरी शाळा. सुनेचं नाव इथे, मुलाचं मैदानापलीकडच्या शाळेत आणि काकूंचं कुठेच सापडेना. वीस मिनिटं पानं उलटली तेव्हा सापडलं. आडनावाच्या जागी नवऱ्याचं नाव आणि नवऱ्याच्या नावाच्या जागी आडनाव छापलेलं. काकू मत देऊन परत आल्या, बोटावरची शाई दाखवली, टेबलाला टेकल्या आणि म्हणाल्या, "बाई, एवढं फिरले. आता जो कुणी निवडून येईल तो आमच्या गल्लीतलं गटार साफ करून घेईल ना?"

"हो" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हणवेना. काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि ते प्रत्येक मुंबईकराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

आधी टक्केवारीचं बघू

पालिकेची निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी ठरलेली वाक्यं ऐकू येतात. मुंबईकर आळशी, सुट्टी मिळाली की लोणावळा गाठतो, एरवी मात्र खड्ड्यांवरून बोंबलतो. आकडे बघितले तर राग समजण्यासारखा आहे. २००७ साली ४६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, २०१२ मध्ये ४५ च्या. २०१७ साली मोठे पक्ष एकमेकांविरुद्ध उभे राहिले, चुरस वाढली आणि आकडा ५५ च्या वर गेला. यंदा जवळपास ५३. म्हणजे यादीतली निम्मी नावं घरीच राहिली.

पण 'यादीतली नावं' आणि 'मुंबईत राहणारी माणसं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा-विधानसभा घेणारा तो भारत निवडणूक आयोग, हा वेगळा. राज्य आयोग स्वतःची मतदार यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घ्यायची आणि तिचे प्रभागांप्रमाणे तुकडे करायचे, अशी पद्धत आहे. यंदा ती तारीख होती १ जुलै २०२५. यादीत एक कोटी तीन लाखांहून जास्त नावं आणि तुकडे २२७. एक इमारत इकडच्या प्रभागात, तिची बी विंग तिकडच्या, असले घोळ या तुकडे पाडण्यातून होतात. प्रारूप यादी आली तेव्हा तिच्यात सुमारे अकरा लाख नोंदी दुबार-तिबार निघाल्या. एवढ्या नोंदींमागे प्रत्यक्षात सव्वाचार लाखांहून थोडे अधिक मतदार होते. एकच नाव दोनदा, तीनदा, त्याहून जास्त वेळा.

नावं दुबार होतात कशी, हे मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. इमारत पुनर्विकासाला जाते. बिल्डर भाडं देतो, कुटुंब तीन-चार वर्षांसाठी डोंबिवलीला, नाहीतर विरारला जातं. तिथे गॅस आणि मुलांची शाळा बदलावीच लागते, मतदार यादीतलं नाव बदलायचं राहून जातं. कुणी बदललं तरी जुनं नाव कमी करण्याचा अर्ज कुणी भरत नाही. वारलेल्या माणसाचं नाव काढायला घरच्यांच्या मनात येत नाही. आमच्या टेबलावरच्या यादीत माझ्या ओळखीची अशी सात माणसं होती जी आता या जगात नाहीत.

आता साधं गणित करू. २२७ प्रभागांत एक कोटी तीन लाख नावं म्हणजे सरासरी एका प्रभागात ४५,५०० नावं. त्यांतल्या २४,००० लोकांनी मत दिलं तर टक्केवारी येते ५३ च्या आसपास. समजा त्या यादीत चार हजार नावं मृत, स्थलांतरित किंवा दुबार आहेत. ती काढली तर तेच २४,००० लोक जवळपास ५८ टक्के होतात. एकही माणूस जास्तीचा बाहेर न पडता पाच टक्के वाढले. चार हजार हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, प्रत्येक प्रभागाचं चित्र वेगळं असणार. पण मुंबईकराला आळशी ठरवण्याआधी यादी तपासा, हे माझं म्हणणं त्यातून लक्षात यावं.

याच गणितातली दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. २४,००० मतं सात-आठ उमेदवारांत वाटली गेली की आठ-नऊ हजारांत माणूस निवडून येतो. पंचेचाळीस हजारांच्या प्रभागात पाचातल्या चौघांनी त्याला मत दिलेलंच नसतं. शंभर घरांच्या एका टॉवरने ठरवलं तर निकाल फिरू शकतो, इतकी ही निवडणूक आपल्या हाताजवळची आहे.

तरीही लाखो लोक खरोखर घरी राहतात, हे मी नाकारत नाही. त्यांना विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "नगरसेवकाच्या हातात काय असतं?" हा आळशीपणा नाही. प्रश्न रास्त आहे.

नगरसेवकाच्या हातात काय असतं?

मुंबई महापालिका चालते १८८८ च्या कायद्यावर. सव्वाशेहून जास्त वर्षांत त्यात असंख्य दुरुस्त्या झाल्या, पण सांगाडा तोच आहे. आणि त्या सांगाड्यामागे एक गोष्ट आहे, जी कळली की सगळं उलगडतं.

१८६५ साली शहराला पहिला महापालिका आयुक्त मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. ज्याच्या नावाचं मार्केट आपण अजून त्याच नावाने ओळखतो (कागदोपत्री ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे) तोच हा. माणूस कामाचा होता. गटारं, रस्ते, मंडया यांचा त्याने धडाका लावला. पण त्याच्यावर लगाम ठेवणारं कुणी नव्हतं आणि खर्च इतका वाढला की पालिका डबघाईला आली. करदाते खवळले. १८७१ सालच्या त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी मांडलेलं म्हणणं मला आजही पटतं: काम करून घेणारा हात एकच असावा, पण त्या हातावर लोकांनी निवडलेल्यांची नजर असावी. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची सभा आली आणि तिच्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ च्या कायद्याने ती घडी पक्की केली. सीएसएमटीसमोर पालिका मुख्यालयाच्या दारात फिरोजशहांचा पुतळा उभा आहे तो यासाठी. सरसकट सगळ्या प्रौढांना पालिकेत मताचा अधिकार मिळायला मात्र १९४८ उजाडावं लागलं.

तर, या कायद्याप्रमाणे कारभार करायचा सगळा अधिकार आयुक्तांचा. रस्त्याचं काम काढायचं, कंत्राटदाराला दंड लावायचा, अधिकाऱ्याची बदली करायची, अनधिकृत बांधकाम पाडायचं, हे सगळं आयुक्त आणि त्यांच्या हाताखालचे अधिकारी करतात. आपल्या भागापुरते ते अधिकारी म्हणजे वॉर्ड ऑफिसातले सहायक आयुक्त. (इथे शब्दांचा गोंधळ होतो. निवडणुकीचा 'वॉर्ड' म्हणजे प्रभाग, ते २२७. ए, बी, सी पासून टी पर्यंतचे प्रशासकीय 'वॉर्ड' वेगळे, ते साधारण दोन डझन. एका वॉर्ड ऑफिसच्या हद्दीत नऊ-दहा नगरसेवक सहज बसतात.)

नगरसेवकाने हुकूम सोडायचा नसतो. त्याने सभागृहात प्रश्न विचारायचा, ठराव मांडायचा, अर्थसंकल्पावर मत द्यायचं, प्रभाग समितीत वॉर्ड ऑफिसरला धारेवर धरायचं. खरा जोर आहे तो स्थायी समितीत. वर्तमानपत्रं तिला 'तिजोरीच्या चाव्या' म्हणतात ते खोटं नाही. ठरावीक रकमेवरचं कुठलंही कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाही. अर्थसंकल्पही आधी तिच्यापुढे येतो. शिक्षण, सुधार आणि बेस्ट यांच्या समित्या वेगळ्या.

आणि महापौर? गाडीवर दिवा होता तेव्हाही आणि आता नसतानाही, महापौरांचं मुख्य काम सभागृहाचं कामकाज चालवणं. दिल्ली-लंडनच्या पाहुण्यांचं स्वागत महापौर करतात, पण वॉर्ड ऑफिसमधल्या शिपायाची बदलीही त्यांना करता येत नाही. मुदत अडीच वर्षांची, निवड नगरसेवकांतून, आरक्षण सोडतीने.

मग आयुक्तांना नेमतं कोण? राज्य सरकार. मुंबईकर नाही, नगरसेवक नाहीत, महापौरही नाहीत. कायद्यात एक दार उघडं ठेवलंय: एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश, म्हणजे २२७ पैकी १४२ जणांनी विरोधात मत दिलं तर सरकारला आयुक्त परत बोलवावे लागतात. पण १४२ चा आकडा जमवणं किती अवघड हे कुणालाही कळेल.

काकूंचं गटार या साखळीत कुठे बसतं पाहा. काकूंनी मत दिलं नगरसेवकाला. नगरसेवक पत्र देणार वॉर्ड ऑफिसला. वॉर्ड ऑफिसर ऐकणार आयुक्तांचं. आयुक्तांची नेमणूक मंत्रालयातून. काकूंच्या मताची तार मध्येच तुटते आणि पुढचं टोक विधानसभेच्या निवडणुकीला जोडलेलं आहे.

चावीही त्यांच्याकडे, तिजोरीही त्यांच्याकडे

७ मार्च २०२२ ला आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू आहे, स्पष्ट म्हटलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि पुढची निवडणूक मुदत संपण्याआधी व्हायला हवी. ती झाली जवळजवळ चार वर्षांनी.

कारणं अनेक होती. ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घातलेल्या अटींची पूर्तता व्हायची होती. एका सरकारने प्रभाग २२७ चे २३६ केले, पुढच्याने पुन्हा २२७. प्रकरण न्यायालयात अडकलं. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली, तेव्हा गाडी हलली.

त्या चार वर्षांत आयुक्त हेच प्रशासक होते. कागदावर याचा अर्थ असा की आयुक्त म्हणून त्यांनी प्रस्ताव मांडायचा आणि स्थायी समितीच्या अधिकारात प्रशासक म्हणून त्यांनीच तो मंजूर करायचा. अर्थसंकल्पाचंही तेच. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. २०११ च्या जनगणनेतली मुंबईची एक कोटी चोवीस लाख लोकसंख्या धरली तर माणशी साठ हजार रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशावर सभागृहात एकाही निवडून आलेल्या माणसाने हात वर करून "हे कशासाठी?" विचारलं नाही, कारण सभागृहच नव्हतं. अधिकारी चांगला की वाईट हा मुद्दाच नाही. फिरोजशहांनी ज्या नजरेबद्दल १८७१ मध्ये आवाज उठवला ती नजर चार वर्षं मिटलेली होती आणि शहर म्हणून आपण ते मुकाट्याने चालवून घेतलं, याचं मला फार वाईट वाटतं. चार वर्षांत आमच्या भागात त्याविरुद्ध एकही मोर्चा निघाला नाही. पाण्यासाठी दोन निघाले.

आणि जमीन कुणाची?

समजा उद्या महापौरांना सगळे अधिकार दिले. तरी संपूर्ण मुंबई त्यांच्या ताब्यात येत नाही. पाणी, कचरा, मलनिस्सारण, केईएम-सायन-नायरसारखी रुग्णालयं, पालिका शाळा हे पालिकेचं. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण राज्याचं, म्हाडा राज्याची, एमएमआरडीए राज्याची. लोकल केंद्राची, बंदराची जमीन केंद्राची. वाहतूक पोलीस गृहखात्याचे. विजेचं तर विचारूच नका: शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा आणि भांडुप-मुलुंडला महावितरण.

या तुकड्यांची किंमत किती असू शकते ते १३ मे २०२४ ला घाटकोपरला दिसलं. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. होर्डिंगला आमची परवानगी नव्हती, असं पालिकेचं म्हणणं. शहरातल्या होर्डिंगवर नियंत्रण पालिकेचं की त्या जागेपुरतं दुसऱ्याचं, हा वाद माणसं मेल्यावर उघड्यावर आला.

पैशाचंही तसंच. जकात ही पालिकेची हक्काची कमाई १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली आणि तिच्या जागी सरकारमार्फत भरपाई येऊ लागली. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला, तो निर्णयही राज्याचा. माझं घर त्यात बसतं, मला फायदा झाला, तरी म्हणते: उत्पन्न ज्याचं बुडणार त्यालाच ठरवायचा हक्क नसेल तर त्याला स्वराज्य संस्था कसं म्हणायचं?

बदलायचं तर काय?

सगळ्यात आधी वेळेवर निवडणूक. प्रभागांची संख्या आणि सीमा ठरवायचं काम सत्तेतल्या पक्षाकडे असेल तर निवडणूक लांबवायला निमित्त कायम हाताशी राहतं. २०२२ साली आपल्या विधिमंडळाने नेमकं उलटं केलं, हे अधिकार आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतले. केरळमध्ये प्रभाग ठरवण्यासाठी राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळा आयोग असतो. आपल्याकडे ते करायला कुठला अडथळा आहे? सरकारची इच्छा सोडून मला तरी दिसत नाही.

दुसरं, कारभाऱ्याला मतदारापुढे उभं करणं. कोलकात्यात १९८० च्या दशकापासून महापौर परिषद आहे: महापौर आणि त्यांचे निवडक सहकारी एकेक खातं सांभाळतात, छोटं मंत्रिमंडळच जणू. मुंबईतही १९९८ साली मेयर-इन-कौन्सिल आणली होती. वर्षभरातच, १९९९ मध्ये, ती गुंडाळली गेली. वर्षभरात कुठली पद्धत रुजते? ती पुन्हा, निदान दोन निवडणुकांपुरती, आणावी असं माझं मत आहे. भीती अशी सांगतात की राजकारणी माणसाच्या हाती हजारो कोटींची कंत्राटं जातील. भीती खरी आहे. पण त्याला पाच वर्षांनी आपण घरी बसवू शकतो आणि सभागृहातला विरोधी पक्ष रोज जाब विचारू शकतो. मंत्रालयातून आलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत या दोन्हींतलं एकही आपल्या हातात नाही.

आरक्षणाबद्दल थोडं. २०१२ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या, २२७ पैकी ११४. या तरतुदीने पालिकेत किती बायका आल्या आणि किती चांगलं काम करून गेल्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तिला धक्का लागता कामा नये. पण सोडत दर निवडणुकीला निघते आणि प्रभाग फिरतो. आपला प्रभाग पुढच्या वेळी आपल्याला मिळणारच नाही, हे कळलं की नालेसफाईसाठी जीव कोण तोडेल? आरक्षण एका प्रभागात सलग दोन निवडणुका ठेवावं.

राहिली क्षेत्रसभा. गावाला जशी ग्रामसभा, तशी आसपासच्या काही मतदान केंद्रांच्या मतदारांची सभा. २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात तिची तरतूद केली. मुंबईत ती अजून भरायची आहे.

काकूंचं गटार

निकालानंतरच्या आठवड्यात मी काकूंबरोबर त्या गल्लीत गेले. दोन चाळींच्या मधली चार फुटांची जागा. गटारावरच्या आठ लाद्यांपैकी तीन फुटलेल्या, एकीच्या जागी कुणीतरी जुन्या कपाटाचं दार टाकलेलं. गाळ काठापर्यंत. काकूंनी पिशवीतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं. त्यात दोन सरकारी कार्यालयांची दोन पत्रं. एकात लिहिलेलं, सदर जागा आमच्या ताब्यात नसल्याने संबंधित प्राधिकरणाशी संपर्क साधावा. दुसऱ्यातही शब्दशः तेच, फक्त लेटरहेड वेगळं. दोन्ही पत्रं चार वर्षांच्या त्या काळातली, जेव्हा ती घेऊन जायला प्रभागात कुणी नव्हतं.

आम्ही तिथेच कट्ट्यावर बसून अर्ज लिहिला. गटार साफ करा, असं त्यात कुठेही नाही. तीनच प्रश्न आहेत. ही जागा नगर भूमापनाच्या नोंदीत कुणाच्या नावावर आहे? ताबा पालिकेचा नसेल तर हस्तांतराचा प्रस्ताव कधी पाठवला? पाठवला नसेल तर कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवणार? सोबत दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स. खाली काकूंची सही आणि चाळीतल्या एकतीस जणांच्या सह्या.

नव्या नगरसेविकाबाईंच्या कार्यालयाची पाटी नाक्यावर लागली आहे, सोमवारी संध्याकाळी सहा ते आठ त्या लोकांना भेटतात. प्रभाग समितीच्या बैठकीत हे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावं, एवढीच विनंती आम्ही करणार आहोत. काकू म्हणाल्यात, साडेपाचलाच निघू, रांग असते.